घेऱ्यातलं घेऱ्यात

आमच्या घरमालकीणबाईंइतक्या प्रेमाने दुसऱ्याचा अपमान करणारं माणूस अख्ख्या नांदेड जिल्ह्यात मिळणार नाही. शेजारचा लातूर जिल्हा जोडून घेतला तर फार तर एखादं निघेल, आणि त्या एखाद्याबद्दल मला पुढे बोलायचंच आहे. हे विधान मी ऐकीव माहितीवर करत नाही. गुरुद्वाऱ्याच्या मागच्या गल्लीत त्यांच्या माडीवर मी चौदा वर्षं भाड्याने राहते आहे. गल्ली त्यांना माँजी म्हणते, म्हणून मीही म्हणते. अंगाने आडव्या, उजवा पाय किंचित ओढत चालणाऱ्या, पांढऱ्या केसांच्या शेपटाला भडक लाल गोंड्यांचा परांदा बांधणाऱ्या माँजींनी मला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मी लातूरहून बदली होऊन आले होते आणि दोन बॅगा घेऊन त्यांच्या दारात उभी होते. "काय शिकवते शाळेत?" त्यांनी विचारलं. मी गणित म्हटलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "तरीच. तोंड बघून वाटूनच राहिलं होतं, हिचा हातचा कुठं तरी राहिलाय." मग माझ्या हातातली जड बॅग स्वतः उचलून त्या पाय ओढत जिना चढू लागल्या. मला खरं तर राग यायला हवा होता, पण माझे सगळे कपडे त्या बॅगेत होते, त्यामुळे मागोमाग जाणं भाग होतं.

त्यांच्या जिभेला हे वळण लागलं ते गिद्ध्यामुळे. गिद्धा म्हणजे पंजाबी बायकांचा लग्नाकार्यातला नाच. बायका गोल घेरा करतात, एकजण मध्ये येऊन बोली टाकते, म्हणजे दोन ओळींचं काहीतरी खोचक गाणं, आणि तिची शेवटची ओळ घेऱ्यातल्या बाकीच्यांनी उचलायची असते. ओळ उचलली की टाळी चढत जाते, पाय चढत जातात. नाही उचलली तर बोली तिथेच पडते आणि टाकणारी बाई खुळ्यासारखी मध्ये उभी राहते. लग्नात याच बोल्यांतून एका बाजूच्या बायका दुसऱ्या बाजूला यथेच्छ शिव्या घालतात आणि दुसरी बाजू त्या हसत झेलून सवाई परत करते. माँजी या कामातल्या उस्ताद. गंमत अशी, की त्यांनी पंजाब पाहिलेला नाही. त्यांच्या पणज्याच्या कुणा आज्याने निजामाची चाकरी धरली, फौजेबरोबर तो लाहोराकडून इकडे आला, आणि घराणं इथलंच होऊन गेलं. माँजींची मराठी मराठवाड्याची, हिंदी हैदराबादकडची, आणि फारच संतापल्या तर दोन-चार शब्द तेलुगू. ते कुठून आले हे त्यांनाही सांगता यायचं नाही. पंजाबी म्हणून त्यांच्याकडे उरल्या होत्या त्या फक्त बोल्या, आईकडून आणि सासूकडून आलेल्या. त्यातल्या निम्म्या शब्दांचा अर्थ त्यांना लागत नसे. पण कोणती बोली हळदीला, कोणती वरात दाराशी आल्यावर, कोणत्या अक्षरावर टाच पडायची, याबद्दल त्यांच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती.

एकदा गुरुद्वाऱ्यात दर्शनाला आलेल्या लुधियान्याकडच्या चार-पाच बायकांना त्यांनी लंगरात पोळ्या लाटता लाटता पकडलं आणि चहाला घरी आणलं. अस्सल मुलखातल्या बायका मिळाल्या म्हणून आल्या आल्याच घेरा करायला लावला. माँजींनी बोली टाकली, तर त्या एकमेकींकडे बघू लागल्या. एकीने विचारलं, या शब्दाचा अर्थ काय? दुसरी जरा संकोचत म्हणाली, माँजी, ही काही पंजाबी नाही. मला वाटलं, आता यांचं तोंड पडणार. पण माँजी म्हणाल्या, "बरोबर हाय बेटा. तुमची पंजाबी तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. ही नांदेडची हाय. आन् अर्थ काय विचारते, पाय बघ की माझे." मग त्या बायकांनी मोबाईलवर एक गाणं लावून नाच करून दाखवला. माँजींनी कौतुकाने पाहिला, सगळ्यांना पेढे दिले, आणि त्या गेल्यावर मला म्हणाल्या, "पोरी चांगल्या हायत. पण मोबाईलला कुठं शिवी देता येती?" बोलीत कुठल्या ना कुठल्या गावाचं नाव गुंफायची रीत असते. पूर्वजांच्या तोंडची गावं या जगात आहेत की नाहीत हे माँजींना ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी ती कधीच काढून टाकली होती आणि त्या जागी मुदखेड, नायगाव, मुरुड अशी स्वतः पाहिलेली गावं बसवली होती.

मुदखेडचं तर एक प्रकरणच झालं. गल्लीतल्या एका लग्नात नवऱ्या मुलाचा मामा मुदखेडहून आला होता, रेल्वेत नोकरीला, पोट भरपूर. तो रिक्षातून उतरतोय तोवर माँजींनी दारातूनच बोली टाकली:

मुदखेड से आई गाडी, उसमें दुल्हे का मामा,
पेट उतर्या पहले उसका, पीछे आया पजामा!

साठ बायकांनी ती ओळ अशी उचलली की मामा उंबऱ्यावरच थांबला. माणूस नवीन होता, त्याला रीत माहीत नव्हती. तो जेवायला बसेना. तेव्हा माँजी स्वतः ताट घेऊन त्याच्यासमोर जमिनीवर बसल्या, त्याला हाताने घास भरवला आणि म्हणाल्या, "भैया, घेऱ्यातलं घेऱ्यात. त्ये उंबऱ्याबाहेर न्यायचं न्हाई. आन् एक सांगू? ज्याला शिवी न्हाई, त्यो परका. तुला घरचा मानला म्हणून तर पोटावर गेले." मामा हसला आणि मग सहा पुऱ्या जास्त जेवला. हा नियम माँजी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत: घेऱ्यात जे बोललं ते घेऱ्यातच सोडायचं, त्याचा राग घरी न्यायचा नाही. घेरा उठला की शिवी संपली.

या नियमाने मी पहिली दोन वर्षं परकीच होते. भाडेकरू म्हणून मला लग्नांना बोलावणं असे, घेऱ्यात उभंही करत, पण माझ्या वाट्याला बोली काही येत नसे. टाळी मात्र माँजींनी मला पहिल्याच महिन्यात शिकवायला घेतली, कारण स्वयंपाक करताना त्यांना बोल्या टाकायची सवय आणि उचलायला घरात दुसरं कुणी नाही. नवरा मागेच गेलेला, एकुलता एक मुलगा दिवसभर कामावर. मी शाळेतून येऊन जिना चढायला लागले की खालून हाक येई, "मास्तरनी, उचल!" मग मी पर्स खांद्याला तशीच ठेवून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून त्यांच्या ओळी उचलायची. "तू टाळी मोजून राहिली गे, वाजवत न्हाईस," त्या कणकेच्या हातांनी माझा पंजा धरून वाकवत. "तळवा पोकळ धर. हवा आत राह्यली पायजे, तवा आवाज येतो." तळवा पोकळ धरायला मला दोन वर्षं लागली. आणि मग नायगावच्या एका लग्नात, मी बेसावध उभी असताना, माँजी माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या:

वरती रहती मास्तरनी, पाढे पढती रहंदी,
चाय बेचारी थंड हो गई, ये साती-साती कहंदी!

घेऱ्याने ओळ उचलली. सगळ्या बायका माझ्याकडे बघून साती-साती करत होत्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी तेव्हा कुणाला कळू दिलं नाही, आज लिहून ठेवते.

आता ते लातूर जिल्ह्यातलं एखादं माणूस. माँजींची नणंद लातूरला दिलेली. नवऱ्याचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. गल्लीतली पोरं तिला बुआजी म्हणत. उंच, किडकिडीत, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. माँजींच्या तोडीची जीभ असलेली ही एकच बाई मी पाहिली. महिन्या-दीड महिन्याने ती लातूरहून एसटीने यायची आणि फाटकातूनच भावजयीच्या स्वयंपाकाचा उद्धार सुरू करायची. माँजी आतून उत्तर द्यायच्या. चाळीस वर्षं हे असं चालू होतं. लग्नात दोघी घेऱ्यात समोरासमोर आल्या की बाकीच्या बायका मागे सरकून जागा करून देत, कारण आता तासभर दुसऱ्या कुणाचं काम नसे. एकीने टाकायची, दुसरीने ती उचलून तिच्याच अंगावर उलटवायची. एकमेकींच्या रंगावर, माहेरावर, नवऱ्यांच्या घोरण्यावर, काही म्हणून सोडायच्या नाहीत. आणि दमल्या की एकाच ताटात जेवायला बसायच्या. बुआजी एकदा मला म्हणाली होती, "आमच्या दोघींचं सरळ बोलणं कधी झालंच न्हाई गं. सरळ बोलायचं म्हणलं की मला तिच्याशी काय बोलावं तेच सुचत न्हाई."

मग माँजींच्या मुलाचं लग्न निघालं. मी तेव्हा त्या घरात तिसऱ्या वर्षी होते. वरात निघायच्या आदल्या दिवशी दुपारी, मांडवात, घरच्या बायकांचा गिद्धा. माँजी त्या दिवशी अशा नाचत होत्या की पाय ओढतो हे आठवूही नये. दोघी समोरासमोर आल्या. माँजींनी नणंदेच्या चष्म्यावर बोली टाकली, हशा झाला. आणि बुआजीने उत्तरादाखल हात वर करून म्हटलं:

भाभी तेरे लाल को पर फुटे, रोटी किसकू सेकेगी,
दारात खाट टाकून आता, रस्ता किसका देखेगी?

बायकांनी ओळ उचलली, एकदा, दोनदा, तीनदा. मीही उचलली, पोकळ तळव्याने, अगदी तालात. माँजी उत्तर द्यायला हात वर करून हसत उभ्या होत्या. त्यांनी सहज मांडवाच्या दाराकडे पाहिलं. तिथे त्यांचा मुलगा उभा होता आणि त्याने मान खाली घातली होती. मग माँजींचे हात खाली आले. त्याला कॅनडात जायची परवानगी आली होती, लग्नानंतर सहा आठवड्यांनी जायचं ठरलं होतं, आणि ही गोष्ट त्याच्या आईला भरल्या मांडवात, टाळ्यांच्या तालावर कळली होती. माँजी घेऱ्यातून बाहेर पडल्या. उत्तर न देता घेऱ्यातून बाहेर पडताना त्यांना त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं. लग्न झालं, नीट झालं. पण त्या दिवसापासून माँजी नणंदेशी बोलल्या नाहीत. ज्या बाईने मुदखेडच्या मामापासून सगळ्या जगाला नियम शिकवला, तिनेच घेऱ्यातली बोली घरी नेली आणि अकरा वर्षं उराशी धरून ठेवली.

खरं काय झालं होतं ते मला त्याच दिवाळीत कळलं. माझ्या भावाचं घर लातूरला आहे, सुट्टीत गेले की मी बुआजीकडे डोकावून येत असे. ती म्हणाली, "पोरगं माझ्या पाया पडलं. म्हणालं, बुआ, तू सांग आईला, माझ्याच्यानं होत न्हाई. मी कसं सांगू गं? सरळ सांगायला गेले असते तर तिचं काळीज फाटलं असतं. म्हणलं, घेऱ्यात सांगावं. घेऱ्यात कुणाला लागत न्हाई, टाळीत निघून जातं." तिने चष्मा काढून पुसला. मग म्हणाली, "तिला म्हणावं, उत्तर ऱ्हायलंय." मी नांदेडला येऊन हा निरोप जसाच्या तसा दिला. माँजी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ताट खाली ठेवलं नाही. "तिला सांग, बोलीचं उत्तर निरोपानं देत न्हाईत. घेऱ्यात देत्यात." मी म्हटलं, मग जाऊ की लातूरला, दोन-चार बायका जमवू. "असा जमवलेला घेरा चालत न्हाई. लगीनकार्य असंल तवा बघू." पुढच्या दिवाळीला मी बुआजीला हे सांगितलं, तर ती खुदकन हसली आणि म्हणाली, "तिचं बरोबर हाय." अशा दहा दिवाळ्या मी या दोघींमध्ये ये-जा केली. एकीचा निरोप, उत्तर ऱ्हायलंय. दुसरीचं म्हणणं, लगीन निघू दे. फोन दोघींच्याही घरी होता, नंबर दोघींनाही पाठ होते. मी गणिताची बाई, पण एवढं साधं उदाहरण मला सुटत नव्हतं.

माँजी रागावलेल्या होत्या असं मात्र मला फार दिवस वाटलं नाही. सकाळी मी वर आंघोळ करत असताना खालून टाळीचा आवाज येई. मी जिन्यात आले की थांबे. त्या उत्तर घासूनपुसून तयार करत होत्या हे उघड होतं, आणि ते मला ऐकवायचं नव्हतं. मुलगा दर रविवारी व्हिडिओ कॉल करायचा. नातवंडं तिकडच्या एका मोठ्या स्पर्धेत नाचायची. एका रविवारी त्याने ती चित्रफीत पाठवली. रंगीत पगड्या, रंगीत सलवारी, वीस पोरं एका रेषेत, एकाचाही पाय चुकत नव्हता. माँजींनी ती पाच-सहा वेळा पाहिली. मग मला म्हणाल्या, "पाय बरोबर पडून राहिलेत. पण ही पोरं बघून कुणाकडं राहिलीत?" मी म्हटलं, समोर परीक्षक बसलेत. "नाचाला परीक्षक?" त्यांनी मोबाईल उशीखाली ठेवला. "घेऱ्यात समोरच्या बाईच्या तोंडाकडं बघायचं असतं गे. तिचं तोंड बघितल्याबिगर टाळी कशी येणार?" त्यांना समोर कोणाचं तोंड हवं होतं हे मला कळलं होतं. मी विषय वाढवला नाही, तेव्हा वाढवायला हवा होता.

आणि गेल्या हिवाळ्यात लग्न निघालं. बुआजीच्या नातीचं, लातूरलाच. पत्रिका आली, तिच्यावर खाली निळ्या शाईने एकच ओळ होती: उत्तर घेऊन ये. माँजींनी पत्रिका कपाळाला लावली आणि देव्हाऱ्यात ठेवावी तशी कपाटातल्या शेल्यावर ठेवली. त्या दिवसापासून घराला पंख फुटले. मोहरीच्या फुलाच्या रंगाचा नवीन सलवार-कमीज शिवायला टाकला. परांद्याचे गोंडे बदलले. पायाला रोज तेल. शिवाय शेजारणीला, दूधवाल्याला, कुरिअरवाल्याला शिव्यांची अशी बरसात, की गल्लीला सणासारखं वाटू लागलं. बोलीची पहिली ओळ त्यांनी मला सांगितली नाहीच, पण शेवटची शिकवली, कारण उचलायला आपलं माणूस पाहिजे: बोल ननद अब, कौन जीती, कौन हारी. ही ओळ मी शाळेत फळ्यावर उदाहरण लिहितानाही मनात घोकत होते. लग्नाला तेरा दिवस उरले असताना सकाळी लातूरहून फोन आला. बुआजी अंघोळीला गेली आणि न्हाणीघरातच बसल्या बसल्या गेली.

आम्ही साडेआठची एसटी पकडली. माँजींनी पांढरी ओढणी घेतली होती. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, चाकूर गेलं. मध्येच कधीतरी माँजी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "शिवून आलेला पिवळा जोड आणायचा होता. तिनं बघितला असता." लातूरला पोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजत आले होते. बुआजीला पुढच्या खोलीत खाली ठेवलं होतं. चष्मा काढलेला होता आणि त्याशिवाय ती कुणी दुसरीच बाई दिसत होती. भोवती पांढऱ्या ओढण्या घेतलेल्या बायका गुरबाणीचा पाठ ऐकत बसल्या होत्या. पुरुष दारात. माँजी उंबऱ्यात थांबल्या. त्या काय बघत होत्या ते मला आधी कळलं नाही, मग कळलं. बायका गोल बसल्या होत्या. मध्ये बुआजी. कुणीही न जमवता घेरा तयार झालेला होता.

पाठ थोडा वेळ थांबला, तेव्हा माँजी त्या गोलात शिरल्या आणि नणंदेच्या समोर उभ्या राहिल्या. तिच्या तोंडाकडे बघत त्यांनी दोन्ही हात वर केले, आणि अकरा वर्षं तयार केलेलं उत्तर नव्हे, तर त्याच क्षणी सुचलेलं दुसरंच उत्तर दिलं:

खाट बी टाकी, बाट बी देखी, घर बी हुआ खाली,
तू बोली सो खरं झालं गे, अब किसकू देऊं गाली?

आवाज मोठा नव्हता. टाळी होती, एकच, पोकळ तळव्याची. एका सुनेने तोंडावर ओढणी घेतली. कुणीतरी "वाहेगुरू" म्हणालं. माँजी हात वर करून तशाच उभ्या होत्या. ओळ उचलायची असते. त्यांनी सगळ्या बायकांवरून नजर फिरवली आणि शेवटी माझ्याकडे पाहिलं. त्या खोलीत ओळ उचलायला त्यांचं म्हणावं असं माणूस मी एकटीच होते. मला शिकवली होती ती ओळ वेगळी होती, हे निमित्त मी पुष्कळ दिवस स्वतःला देऊन पाहिलं, पण ते खोटं आहे. मला लाज वाटली. माझ्या भावाच्या ओळखीची माणसं दारात उभी होती. मी खाली फरशीकडे बघितलं. बुआजीचा मुलगा आत आला, माँजींच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "मामी, बस करो अब." माँजींचे हात खाली आले. त्या नणंदेच्या पायाशी बसल्या आणि तिची ओढणी सारखी करू लागल्या. पाठ पुन्हा सुरू झाला. थोड्या वेळाने बुआजीला नेलं.

परतीच्या एसटीत आम्हाला खिडकीजवळची जागा मिळाली. अहमदपूरच्या पुढे, उन्हं उतरत असताना, मला राहवेना. मी त्यांच्या कानाशी वाकून, टाळी न वाजवता, ओळ उचलली. अब किसकू देऊं गाली. माँजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग अजिबात नव्हता. "ऱ्हाऊ दे, मास्तरनी," त्या म्हणाल्या. "मी तिची अकरा वर्षं न्हाई उचलली. तुझी तर एकच ऱ्हायली." मी म्हटलं, मग आता तरी उचलू द्या. त्यांनी मान हलवली. "घेरा उठला गे. घेऱ्यातलं घेऱ्यात." मग खिडकीची काच ओढून घेऊन त्या डोळे मिटून बसल्या.

त्याला आता काही महिने झाले. माँजी हिंडत्या-फिरत्या आहेत, लंगरात पोळ्या लाटायला जातात, रविवारी मुलाशी बोलतात. पण त्या कुणाला शिवी देत नाहीत. दूधवाला पाणचट दूध घालून जातो, त्याला त्या "मेहरबानी बेटा" म्हणतात, आणि तो बिचारा धास्तावून माझ्याकडे बघतो. पिवळा जोड शिंप्याच्या पिशवीत तसाच कपाटात आहे. मी जिना चढताना मुद्दाम पाय आपटते, त्यांनी दिलेला चहा मुद्दाम थंड होऊ देते. त्या मलाही "बेटा" म्हणतात आणि चहा पुन्हा गरम करून देतात. ज्याला शिवी नाही तो परका, हे मला त्यांनीच शिकवलेलं आहे, त्यामुळे त्यांचा गोडवा मला सहन होत नाही. परवा शाळेतून आले तेव्हा त्या स्वयंपाकघरात कणीक मळत होत्या. मी पर्स खांद्यालाच ठेवून दारात उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः बोली टाकली. दोन रात्री जागून जुळवली होती आणि मराठीच होती, कारण मला दुसरं काही येत नाही:

खालच्या मजल्यावर माँजी, दाराकडे बघते,
शिव्या तिच्या संपल्या म्हणून बेटा-बेटा करते!

आणि टाळी वाजवून थांबले. माँजींनी मळणं थांबवलं. बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग कणकेने भरलेल्या हातांनी त्यांनी माझा पंजा धरला आणि बोटं आत वाकवली. "तळवा पोकळ धर," त्या म्हणाल्या, "कितींदा सांगायचं तुला." ओळ मात्र त्यांनी उचलली नाही.